बाबांना उचलण्यापुरती ताकद

बारबेलवर हात ठेवून जिमचे सर पोरापोरींना समजावत होते, “स्क्वॉटने मांड्या जास्त भरतात, डेडलिफ्टने पाठही कामाला लागते. पण नुसते नितंब बळकट करायचे, तर हिप थ्रस्टच!”

सर सकाळी घरी विसरलेला डबा घेऊन आलेली त्यांची आई दारातच थांबली होती. “मग मलाही शिकव की ते.”

सगळे फिदीफिदी हसले. सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी डबा हिसकावून घेतला. “या वयात कुणाला दाखवायचंय, आई?”

“दाखवायचं कुठलं रे! बाबांना रोज पलंगावरून उचलते, तेव्हा हल्ली बुडातून जोरच येत नाही.”

हसू विरलं.

एका मुलीने हळूच विचारलं, “सर, तुम्ही वेगळे राहता का?”

“नाही, एकाच घरात,” सर डब्याकडे बघत म्हणाले. हातातला डबा अजून गरम होता.