दोन गोळ्यांच्या दोन वत्सला

एचआयव्हीच्या दोन औषधांतलं एक निवडायचं होतं, म्हणून डॉक्टरांनी वत्सलाला पडद्यावर तिच्याच दोन संगणकी प्रतिकृती दाखवल्या. यंत्राने एकीला जुन्या गोळीवर दहा वर्षं जगवलं होतं, दुसरीला नव्या गोळीवर.

नव्या गोळीची वत्सला धडधाकट होती. “अगं, शांत झोप लागते. स्वप्नंच पडत नाहीत,” ती म्हणाली.

जुन्या गोळीची सुकून गेली होती. वत्सलाचा नवरा याच आजाराने गेला होता. खऱ्या वत्सलाने तिला हळूच विचारलं, “स्वप्नात हे येतात?”

“रोज येतात. आता तर उजाडलं तरी जात नाहीत,” म्हणत तिने पडद्यातल्या बाकावर सरकून कुणाला तरी जागा करून दिली.

“यंत्रात दुसरं कुणी घातलेलंच नाही,” डॉक्टर पुटपुटले.

वत्सला म्हणाली, “मला जुनीच द्या.”