सर्व्हिसचा दिवा

गाडीत सर्व्हिसचा पिवळा दिवा लागला आणि फरहतचं नशीब फळफळलं. दर रविवारी लोणी काळभोरला, नवऱ्याच्या फुफीकडे, म्हणजे आत्याकडे, जेवायला जाणं टळलं. "दिवा पेटलाय हो, वाटेत बंद पडली तर?" या एका वाक्यावर तिने अख्खा उन्हाळा काढला.

पण आज नवऱ्याने, बिलालने, व्हिडिओ बघून पार्किंगमध्येच दिवा घालवला. गाडी तीच, ऑइल तेच, दिवा तेवढा गेला. छाती फुगवून त्याने स्पीकरवर फोन लावला, "फुफी, दिवा गेला! येतोय आम्ही जेवायला!"

फुफी जरा खोकली.

"नको रे बेटा. इथे आमच्या फ्रिजचा दिवा लागलाय. तो विझेपर्यंत पाहुणे बोलवायचे नसतात."

फरहतला फुफी पहिल्यांदाच सख्खी वाटली.