पातेल्याचा आवाज

पडद्यावरचं पातेलं काठोकाठ भरलं आणि ताईने नाक मुरडलं. एवढं अन्न तिने अख्ख्या लहानपणात एका जागी पाहिलं नव्हतं. गाव सुटल्यावर पाच माणसं ज्या खोलीत येऊन पडली, तिला एकही खिडकी नव्हती. धाकट्या भावाने काढलेल्या ह्या सिनेमात चार होत्या, आणि चारींत कुंड्या. सिनेमातली आई शेगडीपुढे बसून गात होती. खरी आई ताईच्या शेजारच्या खुर्चीत होती. तिचा गळा असा, की अंगाई सुरू झाली की पोरं झोपेचं सोंग घ्यायची.

मागच्या रांगेत कुणीतरी हुंदका दिला. रडा, ताई मनात म्हणाली, तुमचं काय जातंय.

पडद्यावर सगळ्यांची जेवणं उरकली. आई पातेलं उचलून चादरीच्या आडोशामागे गेली, आणि पळीने खरवडल्याचा आवाज येऊ लागला. त्यावर धाकट्याचं गहिवरलेलं बोलणं: "आई सगळ्यांच्या मागून जेवायची, एकटी, निवांत. हा आवाज म्हणजे माझं घर."

ताईचं डोकं सणकलं. निवांत म्हणे. नऊ वर्षांची असताना तिने त्या चादरीची कड उचलून पाहिलं होतं. पातेलं कोरडं ठणठणीत होतं. आई त्यात नुसतीच पळी फिरवत होती, पोरांना ऐकू जाईल इतक्या जोरात. हे शहाणं तेव्हा भरल्या पोटी घोरत होतं, आणि आता आईच्या उपासावर टाळ्या घेतंय. आयत्या बिळावर नागोबा.

दिवे लागले. धाकटा डोळे पुसत आला आणि आईच्या पायाशी बसला. "आई, असंच होतं ना गं?"

आज ह्याचं बिंग फोडायचंच, म्हणून ताई उठली. आईने तिचं मनगट धरलं.

"असंच होतं रे," आई त्याला म्हणाली. "पोटभर जेवायचे मी."

तो खूश होऊन लोकांच्या घोळक्यात शिरला. ताई खाली वाकली. "खोटं का सांगितलंस? पातेल्यात काही नसायचं. मी डोळ्यांनी पाहिलंय."

"ठाऊक आहे. चादर हललेली दिसली होती मला." आईने मनगट सोडलं नाही. "दुसऱ्या दिवशीही तू दोनदा वाढून घेतलंसच की. त्याचा सिनेमा काढला का मी?"