आंबेटेकचा पाऊस

“खोडून टाक हे आकडे.” धैर्यशील सरांनी वर्षाराणीचा प्रबंध टेबलावर आपटला.

वर्षाराणी जागची हलली नाही. पर्यावरणशास्त्राचं तिचं शेवटचं वर्ष होतं. सही मिळाली नाही तर ते वाया जाणार होतं, आणि घरात लग्नाची बोलणी सुरू होती. आणखी एक वर्ष तिला कुणी देणार नव्हतं.

“रोज सकाळी साडेआठला मोजलाय, सर. जून-जुलै, एक दिवस चुकवला न्हाई.”

“आणि सरकारी वहीपेक्षा सहाशे मिलिमीटर जास्त? नाव वर्षाराणी म्हणून पाऊस तुझ्याकडं जास्त येतोय व्हय?”

दाराशी उभी असलेली मुलं हसली.

राधानगरीच्या वरच्या अंगाला आंबेटेक नावाचं गाव आहे. तिथला पाऊस पंधरा वर्षांत कसा कमी कमी होत गेला, यावर सरांनी लेख लिहिला होता. त्या लेखावर त्यांचं नाव झालं होतं. आकडे पाठवायचे केरबा. गावातलं सरकारी पर्जन्यमापक तेच सांभाळत. वर नरसाळं, खाली बाटली. बाटलीत साठलेलं पाणी रोज सकाळी मोजायचं आणि वहीत लिहायचं. महिन्याची चिठ्ठी एस.टी.तून कोल्हापूरला यायची. जूनमधल्या चिठ्ठीसोबत एक फणसही यायचा.

तो फणस सरांच्याच झाडाचा. विद्यार्थी असताना, शहाऐंशी साली आंबेटेकच्या शिबिरात त्यांनी ते लावलं होतं. विभागात गरे वाटताना ते दरवर्षी सांगत, “शंभर रोपं लावली आम्ही. नव्याण्णव शेळ्यांनी खाल्ली. माझं जगलं. का? मी कुंपण बघून लावलं. झाड लावायलाबी डोकं लागतंय.”

वर्षाराणीनं मान वर केली. “केरबा घरात बसून आकडे लिहीत असतील, सर.”

सरांचा चेहरा लाल झाला. “अंगात ताप असतानाबी बाटली बघायला जाणारा माणूस हाय तो! तू काय मोजलंस? मावशीच्या अंगणात डबा ठेवून?”

“डबा न्हाई, विभागाचंच यंत्र होतं. उघड्या अंगणात, गावातच, ओढ्याच्या पल्याड. त्यांचं यंत्र बघायला गेलते, तर ‘सरकारी काम हाय, हिकडं फिरकायचं न्हाई’ म्हणून हाकललं मला.”

“मग रविवारी चल. हेच त्याच्या तोंडावर म्हण. खोटी ठरलीस तर सही विसर.”

रविवारी पहाटे जीप निघाली. मजा बघायला चार मुलंही आली. आंबेटेकला पोचेपर्यंत आठ वाजले होते. पाऊस एकसारखा पडत होता. सर अठरा वर्षांनी गावात पाऊल टाकत होते. चिठ्ठी वेळेवर येत होती, यायची गरजच पडली नव्हती.

केरबांनी सरांना रामराम केला. वर्षाराणीकडं मात्र बघितलंही नाही.

“मी खोटं लिवतो म्हणती व्हय ही? पंचवीस वर्सं झाली, पोरी. बाटलीत पडतंय तेवढंच लिवतो. एक थेंब हिकडचा तिकडं न्हाय.”

“मग आमच्या अंगणात जास्त कसा पडतोय?”

“तुझ्या भांड्याला इचार की!”

मुलं पुन्हा हसली. सरांनी घड्याळ बघितलं. “चला. सगळ्यांसमोर मोजूया.”

भाताच्या बांधावरून सगळे निघाले. वळणावर सर थांबले आणि त्यांचा आवाज चढला. “तो बघा! माझा फणस!”

झाड दांडगं झालं होतं. काळ्याशार पानांचा घेर चांगला घराएवढा.

केरबांनी कमरेची किल्ली काढली आणि तारेच्या कुंपणाचं दार उघडलं. आत खोडाला लागूनच पांढरं नरसाळं होतं. त्यावर पडलेलं पान त्यांनी रोजच्यासारखं बाजूला केलं, खाली बसून बाटली काढली आणि पाणी मापात ओतलं. माप डोळ्यांसमोर धरून ते म्हणाले, “बघा सायेब. चौदा.”

वर्षाराणीनं बांधावरून येतानाच मावशीला फोन करून साडेआठचं माप विचारलं होतं. अंगणातला आकडा बावीस होता. तो सांगायला तिनं तोंड उघडलं, पण दारातच ती थबकली. एका हातात वही, दुसऱ्या हातात छत्री. छत्रीवर पाऊस ताडताड वाजत होता.

“चौदा!” सर आनंदानं म्हणाले. त्यांनी तिला दंडाला धरून आत ओढलं. “बाहेर का उभी? ये, डोळ्यांनी बघ. आणि मिट ती छत्री. हितं कुठं लागतोय पाऊस?”