बिनचाकाच्या जीपमधला वायरलेस

"गाडीले चाकंच नाई, काका," धनराज म्हणाला.

"बोलायले चाकं लागत नाई," दौलतराव म्हणाले. "तू वायरलेस बसव."

मंगरूळपीरहून बोलावलेला मिस्त्री धनराज कामाला लागला. त्यानं बंपरवर अँटेना कसली. स्टिअरिंगच्या बाजूला माइकचा हूक मारला. मागच्या सीटवर कोंबडी अंड्यांवर बसली होती. तिला न उठवता त्यानं तिच्या पोटाखालून स्पीकरची वायर ओढली. कोंबडीनं हरकत घेतली नाही.

जीप नरेंद्रची, दौलतरावांच्या पोराची. चिखल असो की शेताचा उंच धुरा, कुठंही चढायची. एका संध्याकाळी शेताच्या वाटेवर ती उलटली. तो खाली अडकला. मोबाइल हातात होता, रेंज नव्हती. सापडला तो सकाळी, जीव गेलेला. 'विहिरीवरची मोटर बंद करून ये' असं त्याला बापानंच सांगितलं होतं. लोकांनी जीप आसेगावात ओढून आणली आणि गोठ्यामागं विटांवर ठेवली. चाकं पुढं कोणी नेली ते दौलतरावांनी विचारलं नाही.

तेव्हापासून वच्छलाबाई नवऱ्याशी बोलल्या नाहीत. जे सांगायचं ते कोंबडीला सांगत. "जेवाले वाढलं वं," असं कोंबडीला म्हटलं की दौलतराव ताटावर बसत. "पानी तापलं," म्हटलं की आंघोळीला उठत. कोंबडीनं कधी आंघोळ केली नाही. संसार सुरळीत चालला होता. मग कोंबडी खुडूक झाली, अंडी उबवायला जीपमध्ये जाऊन बसली, आणि घरातला संपर्क तुटला. दौलतराव अंदाजानं जेवू लागले.

दुसरा सेट धनराजनं स्वयंपाकघरात लावला. वच्छलाबाईंना समजावून तो परत आला.

"काकूले सांगतलं, बटन दाबून बोला म्हनून. तुमी सुरू करा."

दौलतरावांनी माइक घेतला. बटन दाबलं.

"वच्छले," ते म्हणाले, "म्या धाडलं त्याले. शिव्या दे पायजे तं. पन बोल."

स्पीकर गप्प. कोंबडीनं चोचीनं एक अंडं फिरवलं. दौलतराव माइक मुठीत धरून बसले. अंगठा पांढरा पडला. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं, जसं रोज नसायचं.

"नाई बोलत वच्छला," ते शेवटी म्हणाले. "काढ हे सारं."

धनराजनं पाना उचलला आणि तसाच थांबला. सेटवरचा लाल दिवा अजून जळत होता.

"काका, बटन सोडा ना. दाबून धरसान तं समोरच्याचं कायीच आयकू येत नाई."

दौलतरावांनी अंगठा उचलला.

"…चुलीपाशी येऊन बसला, सकायी जातो म्हने," वच्छलाबाईंचा आवाज मधूनच सुरू झाला. "म्याच उठोलं त्याले. बापाचं आयक म्हनून रेटून धाडलं. कोंबडीले सांगतलं म्या हे, कितीक डाव. तुमाले कोन्त्या तोंडानं सांगू? आयकू येऊन राह्यलं का?"