गिऱ्हाइकाच्या जागी

"आज माझ्या बांगड्या तू भर," असं म्हणून सासूबाई दुकानात माझ्यासमोर गिऱ्हाइकाच्या जागी बसल्या.

मला घाम फुटला. कासाराच्या घरात सून होऊन आले त्याला चारच महिने झाले होते, आणि तेवढ्यात मी निम्म्या गावाच्या हातावर बांगड्या पिचवल्या होत्या. सासूबाईंचा हात तर संधिवाताने सुजलेला, बोटांची पेरं सुपारीएवढी. आजवर स्वतःच्या बांगड्या त्या स्वतःच भरायच्या. आता बोटं वळत नव्हती.

पहिली बांगडी पिचली. दुसरीने अंगठ्यापाशी ओरखडा काढला, तशी मी थांबले.

"बांगडीकडे बघू नकोस, माझ्याशी बोल," त्या म्हणाल्या. "बोलता बोलता हात सैल पडतो."

मग मी माहेरच्या मारक्या म्हशीबद्दल बोलले, ते संपल्यावर त्यांच्या लेकाच्या घोरण्याबद्दल. त्या खुदकन हसल्या आणि हिरवी बांगडी अलगद मनगटावर उतरली. तिच्यामागून बाकीच्याही गेल्या. दोन्ही हात भरले.

मी पाया पडायला वाकणार, तर त्यांनी मला खांद्याला धरून बसवलं, पदर डोक्यावर घेतला आणि मलाच वाकून नमस्कार केला.

"अहो आई, हे काय करताय?"

"भरणाऱ्याला नमस्कार करायची रीत आहे. चाळीस वर्षं सगळ्या गावाने मला केला," त्या म्हणाल्या. "मी ज्याला करावा असं मात्र कुणी नव्हतं."