कशावरून?

सत्यवानाने टोपली उचलली आणि बालवाडीच्या मधोमध पालथी केली. शिंपले, काजूच्या बिया, तुटकी बटणं, बाटल्यांची झाकणं फरशीभर घरंगळली. शेवटचं झाकण भिंतीला टेकून थांबलं. मग एक पोर रडायला लागलं.

"ह्याच शिकवतास मां तुमी?" तो म्हणाला. "निवडूक? माझ्या चेडवाक मासळी बाजारात बसवूचां आसा?"

बालवाडीच्या सेवरीनाबाईंनी रडणारं पोर खांद्यावर घेतलं. "आवाज खाली करा. पोरां भियातत."

"भियांदेत."

खिचडी ढवळणारी मदतनीस किशोरी दारातून म्हणाली, "रे सत्यवाना, आंबे निवडलेले झोंबले, म्हणान शिंपल्यांवर राग काढतंस?"

"तू तुझी खिचडी बघ."

आंब्याचं नाव निघालं आणि त्याची कानशिलं तापली.

बाईंचा खेळ तसा साधा. टोपली ओतायची, मुलांनी गट पाडायचे. रंगावरून पाडा, वासावरून पाडा, कसेही पाडा. पण गट पाडून झाला की बाई विचारायच्या, "कशावरून?" उत्तर चुकलं तर चालायचं, कारण नसलं तर मात्र नाही. हे खूळ पोरांनी घरोघर नेलं. आजी म्हणायची पाऊस येतलो, की नातू विचारी कशावरून. आया वैतागायच्या आणि चारचौघींत तेच कौतुकाने सांगायच्या. सत्यवानही सांगायचा, अगदी रविवारपर्यंत.

रविवारी तारकर्लीच्या रस्त्यावर त्याच्या स्टॉलसमोर पुण्याची गाडी थांबली. वर फलक होता, 'अस्सल देवगड हापूस, थेट आमच्या बागेतून'. देवगडला सासऱ्यांची बाग होती, ते काही खोटं नव्हतं. पण यंदा मोहोर करपला. बागेतून आला तो माल स्टॉलची पुढची रांग भरण्यापुरता. मग घाटावरून आलेला टेंपो त्याने मागच्या दारी उतरवून घेतला आणि दोन्हीकडचे आंबे एकाच पेंढ्यात निजवले. सगळेच करतात, असं त्याने बायकोला सांगितलं होतं. स्वतःला दोनदा सांगावं लागलं होतं.

तो पिशवी आणायला आत वळला, तेवढ्यात त्याच्या पाच वर्षांच्या लेकीने, संचिताने, पेटी उघडली. एकेक आंबा हुंगला. अंगठ्याने साल चाचपली. दोन ढीग केले.

"हे काय गं?" गाडीतली बाई कौतुकाने म्हणाली.

"हे आजोबांचे. हे टेंपोतले. ह्यांका वास नाय, आणि साल जाड आसा."

बाईच्या नवऱ्याने ते सगळं मोबाईलवर टिपलं. संध्याकाळपर्यंत मालवणातल्या लॉजवाल्यांनी ते पाहिलं. सकाळी एकामागून एक फोन आले, पेट्या नकोत म्हणून. एक लॉजवाला फोनवर हसला होता. ते हसणं सत्यवानाच्या कानात अजून होतं.

आता बालवाडीत त्याने खांद्यावरच्या पिशवीतून दोन आंबे काढले, एक इकडचा, एक तिकडचा. दुसऱ्या हातात मोबाईल धरला.

"आता मी व्हिडिओ काढतंय. संचिता सांगतली, आंबे एकच. तुमी नुसती मान हलवायची. लोकांचो तुमच्यार इस्वास आसा, माझ्यार उरलो नाय."

"आणि नाय हलवली तर?"

"तर उद्या सगळ्या पालकांक घेऊन पंचायतीत जातंय. हयसर टाळां लागतला. मगे बसा समुद्रावर शिंपले निवडीत."

सेवरीनाबाईंनी खांद्यावरच्या पोराची पाठ थोपटली.

"माका कित्या सांगतास?" त्या म्हणाल्या. "तिका इचारा."

"संचिता, हय ये."

एरवी ती धावत येऊन त्याच्या गुडघ्यांना मिठी मारायची. आज दोन हातांच्या अंतरावर थांबली. त्याने मोबाईल चालू केला आणि आंबे पुढे केले.

"बघ गो बाय. दोनय एकच मां?"

तिने एक आंबा नाकाशी नेला. तिचे डोळे आपोआप मिटले. आजोबांच्या कलमाचा होता तो, त्याच कलमाला तिचा झोपाळा टांगलेला असे. मग तिने दुसरा उचलला.

"वास घेव नको," सत्यवान म्हणाला. "नुसतां सांग."

ती घुटमळली.

"सांग म्हणतंय मां." आता त्याचा आवाज छपराला लागला. बाईंच्या खांद्यावर निवलेलं पोर पुन्हा किंचाळलं. किशोरीचा डाव पातेल्यात थांबला. संचिताने आंब्यांकडे पाहिलंच नाही. ती बापाच्या तोंडाकडे बघत होती, शिंपल्याकडे बघावं तशी, नीट, निरखून.

"एकच आसत," ती म्हणाली.

सत्यवानाच्या छातीवरचा धोंडा उतरला. झालं काम. त्याने मोबाईल बाईंकडे वळवला. "हां. आता हलवा मान."

बाईंनी मान हलवली नाही. त्या पोराला घेऊनच खाली बसल्या, संचिताच्या उंचीला आल्या आणि रोज विचारत तसंच, रोजच्याच आवाजात विचारलं, "कशावरून?"

संचिताने दोन्ही आंबे फरशीवर शेजारी शेजारी ठेवले. शिकवलं होतं तसा थोडा विचार केला. मोबाईल चालूच होता. मग कारण सापडल्यावर उजळायचा तसा तिचा चेहरा उजळला.

"बाबा वरडतत म्हणान."